घोरण्याचा आवाज येतो कोठून?

समजा तुम्ही भाईंदरला दोन खोल्यांच्या घरात राहता. बाबा सकाळी चर्चगेटची गाडी पकडतात आणि रात्री उशिरा परततात. जेवण आटोपून अंथरुणावर पडतात न पडतात तोच 'घर्र... घुर्र...' सुरू! धाकटी बहीण खुदकन हसते, तुम्ही कानांवर पांघरूण ओढता. सकाळी विचारावे तर बाबा म्हणतात, "छे! मी कुठे घोरतो?" बाबा खोटे बोलत नाहीत, बरे का! घोरणाऱ्याला स्वतःचे घोरणे बहुधा कळतच नाही. ते ऐकण्याचे काम घरातल्या इतरांनाच करावे लागते आणि ते फार महत्त्वाचे आहे. कसे, ते पाहू या.

प्रथम एक प्रयोग करा. फुगा फुगवून त्याचे तोंड दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, ताणा आणि हवा हळूहळू सोडा. फुगा चिरक्या आवाजात ओरडू लागेल. अरुंद फटीतून हवा जाताना कडेचे रबर थरथरते. त्या कंपनांचाच हा आवाज.

आता आरशासमोर 'आ' करा. टाळूचा पुढचा भाग जिभेला टणक लागतो. त्यामागचा भाग म्हणजे मऊ टाळू. त्याच्या मध्यभागी लोंबते ती पडजीभ. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, घशाच्या या भागाला तो नसतो. जागेपणी स्नायू ही वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात आणि उताणे झोपल्यास जीभही मागे सरकते. वाट अरुंद झाली की जाणाऱ्या हवेने मऊ टाळू आणि पडजीभ थरथरू लागतात. हेच घोरणे!

सर्दीने नाक चोंदले, नाकाचा पडदा वाकडा असला किंवा गळ्याभोवती चरबी वाढली की ही वाट आणखी अरुंद होते. मद्य आणि झोपेच्या काही गोळ्या यांमुळे स्नायू जास्तच सैल पडतात. लहान मुले घोरत असतील, तर पुष्कळदा टॉन्सिल किंवा नाकामागील ॲडिनॉइड ग्रंथी वाढलेल्या असतात.

प्रत्येक घोरणारा माणूस आजारी असतो असे मात्र नाही. मग धोका कधी? शहाळ्याचे पाणी पिताना कागदाची नळी भिजून मऊ झाली, की जोराने ओढल्यावर काय होते? तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि पाणी येईनासे होते. काही माणसांच्या घशाचे झोपेत असेच होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. घोरणे एकदम थांबते. घरच्यांना वाटते, आता शांत झोप लागली! प्रत्यक्षात रक्तातील ऑक्सिजन कमी होत असतो. शेवटी मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात आणि माणूस मोठ्याने धापा टाकून पुन्हा घोरू लागतो. या विकाराला 'स्लीप ॲप्निआ', म्हणजे झोपेतील श्वासरोध म्हणतात. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबला तर तो एक श्वासरोध धरतात. काहींच्या बाबतीत असे तासाला 30 पेक्षाही जास्त वेळा घडते.

प्रत्येक खेपेस हृदयावर ताण पडतो. त्यामुळे रक्तदाब वाढतो. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. झोप तुटक झाल्याने सकाळी डोके जड होते आणि दिवसा पेंग येते. लोकलमध्ये डुलकी लागली तर फार तर स्टेशन चुकेल. पण वाहन चालवताना लागली तर? मुलांमध्ये मात्र पेंगेऐवजी चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे किंवा अंथरूण ओले होणे अशी लक्षणे दिसू शकतात.

हा विकार दुर्मिळ नाही. भाईंदरहून लोकलने माहीमला जाता येते. तेथील हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या, 35 ते 65 वर्षे वयाच्या 658 पुरुषांनी प्रश्नावली भरून दिली. त्यांपैकी 171 जण नेहमी घोरणारे निघाले. शेकडा किती झाले? करा हिशेब! पुढे 250 जणांची रात्रभराची तपासणी त्यांच्या घरीच केली. त्यावरून, सुमारे 7.5 टक्के पुरुषांना झोपेत श्वासाचा अडथळा आणि दिवसा पेंग असा दुहेरी त्रास असावा, असा अंदाज निघाला.

यावर उपाय आहेत. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे आणि मद्य टाळणे यांचा अनेकांना उपयोग होतो. विकार बळावला असेल तर नाकावर मुखवटा लावून यंत्राने हवेचा सौम्य दाब देतात. त्यामुळे घशाची वाट उघडी राहते. ही युक्ती ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली जगापुढे मांडली. मुलांना बहुधा टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्याने आराम पडतो.

तेव्हा घरात कोणी घोरत असेल तर नुसते हसू नका, नीट ऐका. घोरणे मध्येच थांबते का? किती सेकंद? त्यानंतर धाप लागते का? घड्याळ पाहून वहीत टिपा, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा आणि सकाळी आईबाबांना ऐकवा. तो डॉक्टरांनाही उपयोगी पडेल. बाबांना स्वतःला न कळलेली गोष्ट त्यांना सांगणारे तुम्हीच असाल!