आमवात, हृद्रोग आणि घरची परिस्थिती

सांधे दुखू लागले की आपल्याकडे सरसकट ‘वात’ म्हणून मोकळे होतात. वस्तुतः या एका नावाखाली निदान तीन निराळे विकार येतात. उतारवयात गुडघे झिजतात, तो एक. दुसरा संधिवाताचा ताप. हा प्रायः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना घसा बिघडल्यानंतर येतो व हृदयाच्या झडपा खराब करतो. तिसरा आमवात, ज्यास डॉक्टर रूमेटॉइड संधिवात म्हणतात. यात शरीराची संरक्षक शक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते. हातांची बोटे सुजतात आणि सकाळी तासतासभर आखडून राहतात. पुरुषांच्या मानाने स्त्रियांत तो सुमारे तिप्पट आढळतो. येथे विचार करावयाचा आहे तो याच विकाराचा.

आमवाताने माणूस पंगू होतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्याचा घाला हृदयावरही पडतो, हे थोड्यांच्याच ध्यानी येते. हा दाह सांध्यापुरता राहत नाही. तो रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा करतो व तेथे मेदाचे थर लवकर साचतात. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ साली जो हिशेब मांडण्यात आला, त्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू येण्याचा धोका या रोग्यांत सुमारे ५० टक्क्यांनी अधिक दिसला.

मग सर्वच रोग्यांना हा धोका सारखा असतो काय? अमेरिकेतील थिओडोर पिंकस व ली कॅलहन यांनी १९८५ साली असे दाखविले की, ज्यांचे शालेय शिक्षण कमी झाले होते ते आमवाताचे रोगी अधिक प्रमाणात दगावले. शाळेतल्या भूगोलाने हृदय कसे वाचणार, असे कोणी विचारील. शिक्षण ही येथे केवळ खूण समजावी. मिळकत, कामाचे स्वरूप, विडीचे व्यसन, दवाखान्याचे अंतर आणि डॉक्टरांना उलट प्रश्न विचारण्याचे धैर्य, हे सारे तिच्यामागे दडलेले असते.

आपल्या घरांत तर रोगी बहुधा गृहिणी. कणीक मळता येईनाशी झाली तरी ती दुखणे अंगावर काढते, आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळीवर दिवस ढकलते. अशा बऱ्याच गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब चढतो व हृदयाचा धोका वाढतो. ताबडतोब गुण देणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड असेल तर रक्तातील साखरही वाढते. शिवाय, चालणेच कमी झाल्याने श्रमाने छातीत कळ येण्याचा प्रसंग येत नाही, आणि थकवा आमवाताच्या खाती जमा होतो. हृदयविकाराचा झटका मुकाट्याने येऊन गेल्याची उदाहरणे या रोग्यांत अधिक आहेत.

म्हणून रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल यांची तपासणी आमवाताच्या उपचाराबरोबरच करून घ्यावी. दाह जोरात असताना कोलेस्टेरॉल उलट कमी दिसते, तेव्हा तेवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. तंबाखू सोडावी, मिश्रीही त्यातच आली. दाह आटोक्यात ठेवणारे औषध घेतल्याने हृदयाचेही रक्षण होते असे दिसते. अशा औषधांपैकी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोज घेतल्यास ती जीवावर बेतू शकते. ज्यांना चिठ्ठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी घरातील कोणी तरी तो वार दिनदर्शिकेवर ठळक खूण करून लावून ठेवावा.