आंबले म्हणजे नासले नव्हे

तामिळनाडूत घरोघरी इडली करतात. चार वाट्या तांदूळ घ्यावे, एक वाटी उडदाची डाळ घ्यावी. दोन्ही वेगवेगळे भिजवावे. पाच तासांनी डाळ मऊ वाटावी, तांदूळ रवाळ वाटावे. मग एकत्र करून मीठ घालावे. रात्रभर झाकून ठेवावे. भांडे मोठे घ्या. पीठ फुगते.

सकाळी पिठाला जाळी पडते, आंबूस वास येतो. आमच्या घरी पहिल्यांदा ते पाहिलं आणि "नासलं!" म्हणून टाकून दिलं. पाच वाट्या धान्य उकिरड्यावर गेलं!

मंडळी, आपली आंबीलसुद्धा आंबवूनच होते ना? आंबल्याने पीठ हलके होते, पचायला सोपे जाते. बुरशी दिसली किंवा घाण वास आला, तरच टाकावे. चांगल्या पिठाच्या इडल्या दहा-बारा मिनिटे वाफवाव्या.

धान्य घामाचे असते. टाकण्याआधी पारखा.