क्रियापद शेवटी घेणारा कॅल्क्युलेटर

प्रोग्रॅमिंग शिकायला बसलं की सुरुवातीलाच कॅल्क्युलेटर करायला सांगतात. पहिली संख्या विचारा, चिन्ह विचारा, दुसरी संख्या विचारा, उत्तर छापा. दहा मिनिटांचं काम. पण त्याला एकाच ओळीत २ + ३ * ४ दिलं की तो अडकतो. (कीबोर्डवर गुणाकाराला फुली नसते, चांदणी असते.) गुणाकार आधी करायचा हे आपल्याला शाळेत घोकून घेतलंय, त्याला कोणी सांगितलेलं नाही. ते सांगायचं, वर कंस सांभाळायचे, म्हणजे प्रोग्रॅम चांगलाच लांबतो.

आपण साहित्याचे विद्यार्थी, तर याकडे वाक्यरचनेचा प्रश्न म्हणून बघूया. घरात कोणी हिशेब सांगताना म्हणतं, "दोन नि तीन मिळव, येईल त्याला चारने गुण." आकडे आधी, क्रिया शेवटी. मराठी वाक्याचा क्रमच तो. हेच चिन्हांत लिहिलं तर २ ३ + ४ * असं होतं. उत्तर २०. आणि २ ३ ४ * + लिहिलं तर १४. कंस एकही लागला नाही, आणि आधी काय करायचं याबद्दल शंकाही राहिली नाही.

ही कल्पना माझी नव्हे. यान वुकाशेविच या पोलिश तर्कशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात चिन्ह आधी लिहायची पद्धत काढली. तीच उलटी केली की रिव्हर्स पोलिश. १९७२चा एचपी-३५ हा खिशातला कॅल्क्युलेटर याच रीतीने चालायचा. त्याला बरोबरचं बटणच नव्हतं. युनिक्सवरचा डीसी हा जुना प्रोग्रॅम आजही असाच चालतो. इंग्रजीत ही पद्धत 'उलटी' ठरते. आपल्याला मात्र ती सरळच वाटायला हवी!

आता पायथनमध्ये करूया. इनपुटने एक ओळ घ्या आणि स्प्लिटने मोकळ्या जागांवर तिचे तुकडे करा. हे तुकडे म्हणजे अजून शब्द आहेत, संख्या नव्हेत. तसेच जोडले तर २ आणि ३ मिळून ५ न होता २३ होतात. म्हणून प्रत्येक तुकडा फ्लोटमध्ये बदलून बघा. बदलला तर ती संख्या, नाही बदलला तर चिन्ह. नुसतं - बदलत नाही, पण -३ बदलतं, त्यामुळे ऋण संख्यांची वेगळी काळजी नको. आणि हो, पायथन ३ला देवनागरी आकडे कळतात. २३ मराठीत टाइप करा, चालतं. उत्तर तेवढं इंग्रजी आकड्यांत येतं.

संख्या आली की ती एका यादीच्या टोकाला ठेवायची. बुट्टीत भाकऱ्या रचतो तसंच: शेवटी ठेवलेली वर, आणि काढताना तीच आधी. या रचनेला स्टॅक म्हणतात. चिन्ह आलं की वरच्या दोन काढा, क्रिया करा, उत्तर परत वर ठेवा. इथे सावध राहायचं. ७ ३ - मध्ये आधी हातात येतो तो ३, म्हणजे वजा करायची संख्या. उलट धरलं तर उत्तर ४ऐवजी -४ येईल. बेरजेत ही चूक लपून राहते, म्हणून तपासताना वजाबाकी आणि भागाकार नक्की घ्या. भागाकाराआधी भाजक शून्य नाही ना, तेही बघा, नाहीतर प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो.

ओळ संपली की स्टॅकमध्ये नेमकी एक संख्या उरली पाहिजे, ती छापा. जास्त उरल्या तर वाक्यात क्रियापद कमी पडलंय. मध्येच चिन्हाला दोन संख्या मिळाल्या नाहीत, तर क्रियापद आहे पण ज्यांच्यावर क्रिया करायची तेच नाहीत. "चूक" एवढंच छापण्यापेक्षा यातलं काय झालं ते मराठीत छापा, वापरणाऱ्याचा वेळ वाचतो.

हे जमलं की 'वर्गमूळ' हा शब्द जोडून बघा. त्याला एकच संख्या लागते, म्हणजे स्टॅकमधून एकच काढायची.