एकुलती कालवड भरवताना

कालवड पहिल्यांदा भरवायची ती वयावरून नव्हे, वजनावरून. नांदेडची लाल कंधारी आणि लातूरची देवणी या दोन्ही जाती उशिरा वयात येतात. पुष्कळ कालवडी पहिल्यांदा वितात तेव्हा तीन वर्षे उलटून गेलेली असतात. नांदेडमधल्या उमरीसारख्या सोयाबीन-कापसाच्या भागात कडबा कमी आणि भुसकट जास्त खाल्लेली कालवड आणखी मागे राहते. रोज 30 ते 40 ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडी पेंड मिळाली, तर हा उशीर बराच टळतो.

मोठ्या गाईच्या वजनाच्या 60 ते 65 टक्के वजन झाले की कालवड भरवण्याजोगी समजावी. काटा नसला तरी टेप पुरतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्यावा, खांद्याच्या टोकापासून शेपटीखालच्या हाडापर्यंत लांबी घ्यावी, दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 56 आणि लांबी 48 असेल, तर वजन 228 किलोच्या आसपास येते. तुलनेसाठी त्याच टेपने तिच्या आईचे मापही घ्यावे. लाडाच्या कालवडीचा धोका मात्र उलटाही असतो: घरातली भाकरी आणि धान्य खाऊन चरबी चढलेली कालवड वजनात बसते, पण गाभ धरत नाही.

खरी अडचण माज ओळखण्याची. माज दर 21 दिवसांनी येतो आणि बारा ते अठरा तासांत ओसरतो. दुसरे जनावर अंगावर चढत असताना स्थिर उभे राहणे, ही त्याची सर्वांत पक्की खूण. दावणीला एकच कालवड असेल, तर ही खूण दिसणारच कशी? म्हणूनच “आमची कालवड माजावरच येत नाही” अशी तक्रार होते तेव्हा अनेकदा माज येऊन गेलेला असतो. वारंवार हंबरणे, चारा टाकणे, थोडे-थोडे मुतणे आणि काचेसारखा स्वच्छ, लोंबणारा सोट, हे पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी नीट पाहावे. उन्हाळ्यात माज अनेकदा मुका राहतो. थंडीत, कार्तिक-मार्गशीर्षात, भरवलेली कालवड साधारण 280 दिवसांनी, बांधावर हिरवे गवत असताना विते. म्हणून तोच काळ सोयीचा.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करावे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतकांडीवर वळूची जात आणि क्रमांक छापलेला असतो. तो वाचून वहीत उतरवून ठेवावा. जास्त दुधाच्या आशेने लहान चणीच्या कालवडीला होल्स्टिनची कांडी भरवणे धोक्याचे आहे. वासरू मोठे होते, वाट अरुंद असते आणि कालवड व वासरू दोघांचाही जीव पणाला लागतो. पहिल्या वेताला तिच्याच जातीचा वळू निवडावा. गावात मोकळा फिरणारा वळू मात्र तिचा बापही असू शकतो, आणि बाप-लेकीच्या संयोगातून दुबळी वासरे निपजतात. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड तर बहुधा वांझच असते; तिच्यावर खर्च करण्यापूर्वी तपासून घ्यावे.

भरवल्यावर अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत पुन्हा लक्ष ठेवावे. माज दिसला नाही म्हणून गाभण धरून चालू नये. दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. शेवटच्या तीन महिन्यांत वासरू झपाट्याने वाढते, तेव्हा खुराक वाढवावा आणि कासेला रोज हात लावून तिला सवय करावी. लाडात वाढलेली कालवडही पहिल्या धारेला लाथ झाडते.

पाण्याची पिशवी फुटून दोन तासांत वासरू पुढे सरकले नाही, तर डॉक्टरला बोलवावे. चार माणसांनी दोर लावून ओढण्यातच सर्वाधिक नुकसान होते. बारा तासांत वार पडली नाही तरी डॉक्टरलाच बोलवावे. वारेला दगड बांधणे कटाक्षाने टाळावे. चीक तासाभरात वासराच्या पोटात जावा; खरवस त्यानंतरचा. पहिलारू अजून स्वतः वाढत असते, म्हणून माज लवकर दिसला तरी किमान 60 दिवस तिला पुन्हा भरवू नये.