शब्दांचा ताणाबाणा

मागांच्या खडखडाटात अभ्यास करणाऱ्या खासबागेतील मुलांनी इंग्रजी शब्दांस भ्यावे, याचे नवल वाटते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेत लेखी 900 गुणांपैकी 200 इंग्रजीचे. 2021 पासून ती मुलींनाही खुली आहे. म्हणून शब्दांच्या याद्या घोकल्या जातात, नि आठवड्यात विसरल्याही जातात. (आम्हीही तेच केले!) त्यापेक्षा शब्दाचे मूळ धरावे. लॅटिन ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणे. त्यातून ‘टेक्स्टाइल’ म्हणजे कापड, ‘टेक्स्ट’ म्हणजे शब्दांनी विणलेला मजकूर, ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे त्यात गुंफलेला संदर्भ; आणि ‘प्रीटेक्स्ट’ म्हणजे पुढे धरलेला विणीचा पडदा, अर्थात सबब. ‘टेक्श्चर’ आम्ही मुद्दामच सोडला आहे; घरच्या साडीच्या पदरावरून हात फिरवून त्याचा अर्थ तुम्हीच सांगावा.