वेबसाइटच्या देखभालीचा मेहनताना किती द्यावा?

अमरावतीत ठोक कापडाचे गिऱ्हाईक आता मोबाइलवर माल पाहून येते, म्हणून आम्हीही वेबसाइट काढली. बनविण्याचे पैसे ठरविले, देखभालीचे नाही. ओळखीच्या मुलाने दोन वर्षे फुकट सांभाळली. मग तो नोकरीसाठी पुण्याला गेला, डोमेनची मुदत संपली आणि ऐन लग्नसराईत वेबसाइट बंद पडली. चूक आमचीच होती.

व्यापारी बंधूंनी खर्चाचे तीन भाग करावेत.

१) डोमेन व होस्टिंगचे शुल्क : खाते स्वतःच्या नावे ठेवून स्वतःच भरावे. एसएसएल प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून मोफत मिळते. त्याचे वेगळे बिल आल्यास विचारणा करावी.

२) नेहमीचे काम : बॅकअप, अपडेट, चौकशीचा फॉर्म तपासणे. लहान वेबसाइटला महिन्याला दोन-तीन तास पुरतात. समजा, ताशी ३०० रुपये ठरले, तर तीन तासांचे दरमहा ९००, वर्षाचे १०,८०० रुपये.

३) नवे काम : नव्या मालाचे फोटो, नवे पान. याचा दर नगावर, आधी ठरवून.

दुकानातील मुनीमाला आपण दरमहा पगार देतो. वेबसाइट सांभाळणाराही कामच करतो. त्याचा हक्क वेळेवर द्यावा.