नांव एक, अक्षरें अनेक

माहूरच्या तीन शिखरांवर रेणुकामाता, दत्तात्रेय व अत्रि-अनसूया यांचीं स्थानें आहेत; त्यामुळें या परिसरांत रेणुका, दत्ता व अनसूया हीं नांवें वारंवार कानीं पडावींत यांत नवल नाहीं. यांपैकीं अनसूया हें एकच नांव घेऊं. ग्रंथांत तें अनसूया असें असतें. बोलण्यांत त्याचें अनुसया होतें, लिहिण्यांत अनुसुया, आणि आजीच्या तोंडीं नुसतें अनसा. घरांत यानें कांहीं बिघडत नाहीं. जिला हांक मारावी तीच ओ देते. परंतु रुग्णालयांतील नोंदवहीस किंवा संगणकास चेहरा दिसत नाहीं, केवळ अक्षरें दिसतात. मग गतवर्षींची अनसूया व आज आलेली अनुसया एकच, हें कसें ओळखावें? या प्रश्नाचा आपण येथें विचार करूं.

चूक दोन प्रकारांनीं होते. एकाच बाईच्या दोन नोंदी झाल्या, तर पहिल्या नोंदींत ‘पेनिसिलिन बाधतें’ असें लिहिलेलें, दुसरी नोंद उघडणाऱ्या डॉक्टरांस दिसत नाहीं. उलट दोघींची एकच नोंद झाली, तर एकीच्या रक्ततपासणीचा निकाल पाहून दुसरीस औषध दिलें जाण्याचें भय असतें. म्हणून विखुरलेलें एकत्र आणणें जितकें आवश्यक, तितकेंच भिन्न तें भिन्न ठेवणेंही आवश्यक होय.

आमच्या भागांत ही अडचण कां उद्भवते, तें इतिहासावरून समजतें. निजामाच्या राजवटींत, १९४८ पर्यंत, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत, व मराठीतील ण आणि ळ यांस तेथें स्वतंत्र अक्षरें नाहींत. म्हणून रेणुकेची रेनुका होते. किनवट-माहूरचा मुलूख १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यांत होता, आणि तेलुगू भाषेचा शेजार आजही आहे. तेलुगू लोक आडनांव पुष्कळदा आधीं लिहितात, आणि इंग्रजी लिपींत ‘त’ साठीं टी-एच हीं अक्षरें योजतात. त्यामुळें त्यांची लता आपण ‘लथा’ अशी वाचतों. शिवाय इंग्रजी लिपींतील नित्याच्या लेखनांत न व ण यांत भेदच राहत नाहीं.

या अडचणीवर एक जुनी युक्ति आहे. पुढें ‘साउंडेक्स’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या पद्धतीचें पेटंट अमेरिकेंत रॉबर्ट रसेल यांनीं १९१८ सालीं घेतलें. तिचा आजचा नियम साधारणतः असा: नांवाचें पहिलें इंग्रजी अक्षर तसेंच राखावें. पुढील अक्षरांपैकीं बी, एफ, पी, व्ही यांस १. सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांस २. डी, टी यांस ३. एल यास ४. एम, एन यांस ५. आर यास ६ हा अंक द्यावा. लागून आलेल्या अक्षरांचा अंक एकच असेल तर तो एकदांच घ्यावा. स्वर व एच, डब्ल्यू, वाय हीं अक्षरें गाळावीं. अंक तीनच ठेवावे. कमी पडल्यास शून्य घालावें. या नियमानें अनसूया, अनुसया, अनुसुया या तिन्ही नांवांचा संकेत ‘ए ५२०’ हाच येतो. युक्ति सफल झाली!

परंतु थोडें थांबूं. अनीसा या सर्वस्वी निराळ्या नांवाचा संकेतही ‘ए ५२०’ च येतो. उलट ज्ञानेश्वर हें नांव कोणी डी पासून लिहितो, कोणी जी पासून. पहिलें अक्षरच बदलल्यामुळें एकाच ज्ञानेश्वराचे दोन संकेत होतात. तेव्हां उच्चारसाम्य हें शोधण्याचें साधन आहे, निर्णयाचें नव्हे.

निर्णयास इतर खुणा लागतात. प्रत्येक मनुष्याच्या जीवनपुस्तकाचीं विखुरलेलीं पानें एकत्र बांधणें म्हणजे नोंदींची जुळणी, ही कल्पना अमेरिकेंतील हाल्बर्ट डन यांनीं १९४६ सालीं मांडली. तिचें गणित कॅनडांतील फेलेगी व संटर यांनीं १९६९ सालीं सिद्ध केलें. त्यांतील मर्म असें कीं, विरळ खूण जुळली तर तिचें वजन अधिक, सामान्य खूण जुळली तर कमी. ज्या गांवांत रेणुका पुष्कळ, तेथें नुसतें रेणुका जुळल्यानें फारसें सिद्ध होत नाहीं; जन्मतारीखही जुळली तर पारडें झुकतें. आमच्याकडे मात्र स्त्रियांविषयीं विशेष सावधगिरी हवी. विवाहानंतर पुष्कळ स्त्रियांच्या नांवांत पित्याच्या जागीं पतीचें नांव येतें, आडनांव बदलतें, गांवही बदलतो. जन्मतारीख तेवढी बदलत नाहीं. आणि नेमकी तीच अनेक वृद्ध स्त्रियांस ठाऊक नसते.

२०२१ साली देशभर सुरू झालेल्या योजनेनुसार ‘आभा’ नांवाचा चौदा अंकी आरोग्यक्रमांक मिळूं लागला आहे. तो जवळ असेल तर काम सुकर होतें. परंतु घाईंत आणलेल्या रुग्णाजवळ तो नसला, कीं पुन्हां नांवावरच येऊन ठेपतें. म्हणून पालकांस विनंती कीं, जन्मदाखला व शाळेचें दाखलपुस्तक यांत नांवाचें लेखन एकच ठेवावें, आणि दवाखान्यांत जातांना मागील कागद व माहेरचें नांव सांगण्यास विसरूं नये.

विद्यार्थ्यांनीं आपल्या घरांतील व आळींतील नांवांचे संकेत काढून पाहावे. रामा आणि रेणू यांचा संकेत एकच येईल, ‘आर ५००’. मग त्या दोघांस निराळें ठरविणाऱ्या खुणा कोणत्या, त्या वहींत लिहाव्या. आजीची जन्मतारीख घरीं कोणास ठाऊक आहे काय, हेंही त्याच वेळीं विचारून घ्यावें.